निंबाच्या वेलाचा बहर

जामनेरच्या बाजारात पितांबरच्या पानाला नाव होतं. त्याचा मळा गावाबाहेर विहिरीला लागून होता, चहूबाजूंनी तुराट्यांच्या कुडाने बंद केलेला. आत शेवरी आणि पांगाऱ्याच्या रांगा, त्यांवर चढवलेल्या नागवेली. बाहेर कितीही ऊन पेटलं तरी आत ओलसर, हिरवी सावली असायची. दाराशी वहाणा काढायच्या, हातपाय धुवायचे आणि मगच आत पाऊल टाकायचं, अशी रीत होती. पितांबरच्या वडिलांनी मळा देवघरासारखा सांभाळला होता. पितांबर त्यांच्याहूनही कडक होता.

त्याचा एकुलता मुलगा निंबा काही वर्षं पुण्याकडे एका सरकारी बागेत माळीकाम करत होता. ती नोकरी सोडून तो घरी आला, तेव्हा ओल्या गोणपाटात गुंडाळून एका वेलाचे तुकडे घेऊन आला. हिरवी, बोटासारखी जाड देठं आणि गुळगुळीत, मांसल पानं.

"हे काय आणलं?" पितांबरने विचारलं.

"व्हॅनिला म्हणतात आबा. याच्या शेंगांचा वास साहेब लोक गोड पदार्थाले लावतात. आपल्या उन्हात जगत नही, पण मळ्यात जगेल."

पितांबरने नाक मुरडलं. नागवेलीच्या मळ्यात परका वेल त्याला पटत नव्हता. तरी कोपऱ्यातल्या एका पांगाऱ्याच्या बुंध्याशी त्याने स्वतःच पालापाचोळा घातला, आणि उन्हाळ्यात दुपारी खोडावर पाणी शिंपायला तो कधी विसरला नाही. वेलाने खोडाला मुळं चिकटवली आणि वर चढत गेला. हाताबाहेर गेला की निंबा त्याला हळूच खाली वळवून फांदीवरून सोडायचा.

तीन वर्षांनी, माघात, त्याला कळ्या आल्या. निंबा बायकोला, कुंदाबाईला, पहाटेच मळ्यात घेऊन गेला. पितांबर पाण्याची चारी उघडत होता, तो कुदळ टाकून बघायला आला. फिकट पोपटी फूल नुकतंच उमललं होतं.

"याचं लगीन हातानं लावावं लागते," निंबा म्हणाला. "त्याच्या मुलखात एक माशी हे काम करते म्हणे. आपल्याकडे ती नही. अन् दुपारपावेतो फूल मिटून जाते."

त्याने बाभळीच्या काट्याने फुलातला नाजूक पडदा उचलला, पिवळा पराग अंगठ्याने आत दाबला आणि हात काढून घेतला. दुसरं फूल कुंदाबाईने केलं. तिच्या बोटांना ते असं जमलं की निंबा हसला आणि काटा तिच्याकडेच ठेवून बाजूला बसला. त्या वर्षी फुलं थोडीच होती. ती जवळजवळ सगळी तिने केली आणि वेलाला हिरव्या शेंगांचा एक झुबका लागला.

त्या साली पाऊस दगा देऊन गेला आणि दसऱ्याच्या सुमारास मानमोडीची साथ आली. गावात घरटी माणसं पडली. निंबा तापाने पडला आणि आठवडाही काढला नाही.

कुंदाबाई कोपऱ्यात बसून राहिली. हिवाळ्यात तिने सासूला, झुंबरबाईला, एवढंच सांगितलं, "शेंगांची टोकं पिवळी झाली असतील. तोडून गरम पाण्यातून काढा अन् घोंगडीत गुंडाळून ठेवा, असं ते म्हणत होते." झुंबरबाईने नवऱ्याच्या कानावर घातलं. पण पितांबर मळ्यातल्या त्या कोपऱ्याकडे फिरकतच नव्हता. शेंगा वेलावरच फुटल्या, काळ्या पडल्या आणि गळाल्या.

पुढच्या माघात वेल कळ्यांनी लगडला. इतका बहर कुणालाच अपेक्षित नव्हता. पानं खुडणाऱ्या बायका काम टाकून बघत राहिल्या. त्यांच्याकडून ते ऐकून पितांबर तिकडे गेला, आणि फुलं बघताना त्याच्यातलं काहीतरी हललं. मुलाच्या हातचं एवढंच उरलं होतं. याला शेंगा धरायला हव्यात, असं त्याच्या मनाने घेतलं.

त्याने काटा घेतला आणि निंबाने केलं तसं करू लागला. पण जन्मभर मोट आणि कुदळ धरलेली ती बोटं. पडदा उचलायला जावं तर फूल फाटायचं, पराग खाली सांडायचा. रोज सकाळी नवी फुलं उमलायची आणि दुसऱ्या दिवशी पांगाऱ्याखाली पिवळा सडा पडलेला असायचा.

"कुंदाले सांगा की," झुंबरबाई एकदा त्याला वाढताना म्हणाली. "तिले येते ते."

"नागवेलीच्या मळ्यात विधवेचा हात लावू? बठ्ठा मळा करपला म्हणजे मग?"

"आपलीच पोर हाये ती."

"आपली हाये म्हणून रीत बदलते का?"

कुंदाबाई आत चुलीपाशी होती. तिला सगळं ऐकू आलं.

ती रोज मळ्यावर भाकरी घेऊन जायची, पण कुडाच्या बाहेरूनच द्यायची. तुराट्यांच्या फटीतून तिला तो कोपरा दिसायचा, आणि सासऱ्याची चाललेली धडपडही. एका सकाळी मात्र ती लवकर निघाली. तिने दाराशी हातपाय धुतले, आत गेली आणि पांगाऱ्यापाशी उभी राहून एकेक फूल करू लागली. बहर सरत आला होता. तिच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी जराशी उभारी होती, असं खुडणाऱ्या बायकांनी नंतर सांगितलं.

पितांबर विहिरीकडून आला आणि तिला पाहून जागीच थांबला. बायका आजूबाजूला होत्या. त्याला वाटलं, आता गावभर होईल.

"बाहेर हो," तो म्हणाला.

"आबा, थोडीच राहिली हायेत. एवढी करून जाते."

"माझा पोरगा खाल्ला, तेवढ्यानं भागलं नही का तुझं?"

खुडणाऱ्या बायकांचे हात थांबले. कुंदाबाईने हातातला काटा खाली ठेवला. ती चारीपाशी बसून हात धूत राहिली, बराच वेळ, आणि मग पदर सावरून निघून गेली.

शब्द तोंडातून गेला त्याच क्षणी पितांबरला तो चुकला हे कळलं होतं. पण तिच्यामागे जाणं त्याच्याने झालं नाही. घरी गेल्यावर बोलू, असं त्याने ठरवलं. घरी ती नेहमीसारखी भाकऱ्या थापत होती आणि तो पाणी पिऊन ओट्यावर जाऊन बसला. आठवड्याच्या आत तिचा भाऊ धुळ्याहून आला. थोडे दिवस माहेरी नेतो म्हणाला. झुंबरबाईने तिची ओटी नव्हे, पण शिदोरी भरली. पितांबर त्या दिवशी मुद्दाम मळ्यात राहिला.

तिने केलेली फुलं गळाली नाहीत. ती वेलावरच सुकली आणि त्यांच्यामागे शेंगा लांबू लागल्या. नागवेलीही हिरव्यागार होत्या. एक पान करपलं नव्हतं. पितांबर रोज पाणी द्यायला जायचा आणि त्या शेंगा त्याला रोज दिसायच्या. झुंबरबाई म्हणायची, जाऊन घेऊन या. तो म्हणायचा, पेरणी होऊ द्या, मग म्हणायचा, दसरा होऊ द्या.

दिवाळीनंतर तो निघाला. पाचोऱ्याला गाडीत बसला, चाळीसगावला बदलली आणि धुळ्याला उतरला. काय बोलायचं ते त्याने वाटेत मनाशी घोळवलं होतं. भावाच्या घरी कळलं, की तिचा मोहतूर लागला आहे, दुसरं लग्न झालं आहे. नवरा पांझरेच्या काठी भाजीपाला पिकवणारा बिजवर, दोन लहान मुलांचा बाप होता. "तुम्हाला कळवणार होतो, आबा," भाऊ खाली बघत म्हणाला.

तरी तो तिच्या घरी गेला. कुंदाबाई वांग्यांच्या वाफ्यात होती, कडेवर एक मूल. त्याला पाहून तिने डोक्यावर पदर घेतला, मुलाला खाली ठेवलं आणि वाकून नमस्कार केला.

"अक्का बऱ्या हायेत ना?" तिने सासूबद्दल विचारलं.

"बरी हाये."

तिने पाट मांडला, वरणबट्टी आणि वांग्याचं भरीत वाढलं, बट्टीवर तूप घातलं. तो जेवत होता आणि ती दाराशी उभी होती. शेवटी तो म्हणाला, "सूनबाई, त्या दिवशी मी..."

पुढे न जाता तो बट्टीचा तुकडा वरणात कुस्करत राहिला.

"जाऊ द्या आबा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच त्याला जास्त लागलं. "भरीत घेता का अजून?"

"शेंगा पिकत आल्या. पुढचं तू सांगितलं होतं, पण आम्हाले ते जमायचं नही. एकदा येऊन जा."

"मी आता तिकडे येणार नही, आबा. मळ्यात तर नहीच."

तो मान हलवून उठला. निघताना मूल त्याच्या धोतराला धरून उभं होतं. त्याने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

घरी पोचला तेव्हा झुंबरबाई ओट्यावर वाट बघत होती. त्याच्या मागे कुणी नाही, हे तिने पाहिलं.

"काय म्हणाली?"

पितांबर पायरीवर बसला आणि पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"पोटभर जेवू घातलं मले," तो म्हणाला.