मागच्या सीटचा वारा

विश्रामने शेवटच्या सीटवरच्या एसीच्या तोंडाशी कागदाची पट्टी धरली. पट्टी पतंगाच्या शेपटीसारखी फडफडली.

"येतोय की वारा," तो म्हणाला.

"इथं येतोच हो," तानाजी वैतागून म्हणाला. "तुमच्या गॅरेजात शिरली की गाडी शहाण्या सुनेसारखी वागते. बायका बसल्या की मागे फुंकरसुद्धा नाही."

तानाजीची सात सीटची गाडी डोंबिवलीच्या हौसाबाईंच्या भजनी मंडळाला बांधलेली. चैत्रापासून मागचा एसी बंद असल्याची तक्रार होती, आणि गाडी शीळफाट्याच्या या गॅरेजात चौथ्यांदा आली होती. विश्रामने गॅस तपासला, फिल्टर बदलला, मागचा पंखा खोलून साफ केला. गाडी दर वेळी बरी होऊन गेली आणि आठवड्यात आजारी होऊन परतली.

मालक प्रीतम विश्रामच्या धाकट्या भावापेक्षाही लहान. गॅरेज वडिलांकडून आलेलं आणि विश्रामही त्यासोबतच आलेला.

"काका, वाईट वाटून घेऊ नका," प्रीतम म्हणाला. "पण पाचव्यांदा आली ना, तर एसीला मी दुसरा माणूस बघणार. तुम्ही काउंटरला बसा. आरामात, पंख्याखाली."

तीस वर्षं लोकांना गारवा देणाऱ्या माणसाला पंख्याखाली बसवणं म्हणजे काय, ते प्रीतमला कळलं नसावं. किंवा चांगलंच कळलं असावं.

विश्रामने रागाचा घोट गिळला आणि विचार केला. तीस वर्षांत त्याने गाड्यांपेक्षा गिऱ्हाइकं जास्त तपासली होती. गाडी खोटं बोलत नाही. आणि भजनाला निघालेल्या पाच बायका एकच खोटं बोलतील, एवढं एकमत त्यांच्यात व्हायचं नाही. म्हणजे दोन्ही खरं.

"तानाजी, इथे आणायच्या आधी गाडीचं काय करतोस?"

"काय म्हणजे? धुतो, पुसतो, सगळं सामान उतरवतो. मिस्त्रीकडे काय घाणेरडी गाडी आणायची?"

डॉक्टरकडे जाताना लोक अंघोळ करून इस्त्रीचे कपडे घालतात, त्यातलीच गत. विश्राम हसला.

"उद्या वर्तकनगरला कार्यक्रम आहे ना तुमचा? जाताना मला इथून घ्या. बायका बसलेल्या असू देत, आणि सामान जिथल्या तिथे. एक पिशवी हलवायची नाही."

"काका आता भजनाला," प्रीतम म्हणाला आणि मोबाईलमध्ये बघत हसला.

दुसऱ्या दिवशी अकराच्या उन्हात गाडी फाट्यावर थांबली. शेवटच्या सीटवर हौसाबाई एकट्याच, घामाने डबडबलेल्या, हातात पुठ्ठा.

"ये बाबा," त्या सरकत म्हणाल्या. "चार वेळा तपासलंस म्हणे. आज पेशंटशेजारी बस."

"टाळ येतो का हो वाजवता?" पुढून रसिकाने विचारलं. ती मंडळाची पेटी वाजवणारी. "नाहीतर बायकांच्या गाडीत फुकट कशाला बसवायचं?"

विश्रामने मान खाली घातली आणि पट्टी धरली. पट्टी लोंबकळत राहिली. कान दिला, तर मागचा पंखा फिरत होता, पण नाक चोंदल्यासारखा. तो वळला, सीटमागे वाकला आणि चाचपडू लागला.

"हळू," हौसाबाई कडाडल्या. "पेटी आहे तिथं. गुढीपाडव्याला नवी घेतलीय. तिच्यासाठीच मी या भट्टीत बसते, दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."

पेटी जाड गोधडीत गुंडाळलेली होती. आपटू नये म्हणून गोधडीच्या घड्या गाडीच्या डाव्या कडेला दाबून बसवल्या होत्या. विश्रामने एक घडी ओढली. ती सुटेना. आतून कुणीतरी धरून ठेवल्यासारखी. जोर केला तशी ती फट्कन सुटली, आणि मागे तळहाताएवढी जाळी दिसली.

"मावशी, वरून वारा येतो ना, तो आधी या जाळीतून आत जातो. नाकावर उशी दाबली तर माणूस तोंडाने काय फुंकणार?"



"म्हणजे माझ्या गोधडीनं केलं?" हौसाबाईंनी सावकाश विचारलं.

विश्रामने नुसतं खरं सांगितलं असतं तर त्याला मुंब्र्याच्या बायपासलाच उतरावं लागलं असतं.

"टाका इतका दाट आहे मावशी, की वारासुद्धा शिरत नाही. हल्ली असं कोण शिवतं?"

हौसाबाईंनी ते वाक्य उलटसुलट करून पाहिलं आणि स्तुतीच्या खात्यात जमा केलं.

"मग धर पेटी मांडीवर," त्या म्हणाल्या.

विश्रामने पेटी मांडीवर घेतली. दोन मिनिटांत हौसाबाईंच्या कपाळावरची बट हलली. मग पदर उडाला. पुठ्ठा खाली पडला, तो कुणी उचलला नाही. तानाजीने आरशातून पाहिलं आणि पहिल्यांदाच "विश्रामशेठ" म्हणाला.

तेवढ्यात प्रीतमचा फोन आला. विश्रामने तो स्पीकरवर टाकला.

"काय काका, गरमच ना?"

"अरे, कमी कर रे ते," शेजारून हौसाबाई म्हणाल्या. "कान बधिरले माझे."

"जरा मोठ्याने, मावशी. मालकांना नीट ऐकू येत नाही."

"कमी कर म्हणते एसी. थंडी वाजते."



"काका," प्रीतम नरमून म्हणाला, "परत कधी येताय? आणखी एक एसीची गाडी आलीय. मी कुणाला हात लावू दिलेला नाही."

"भजन झालं की," विश्राम म्हणाला आणि फोन खिशात ठेवला.

मग हात लांब करून त्याने छतावरचं बटण फिरवलं. पण एकाच खुणेने कमी केलं. वर्तकनगर येईपर्यंत पदराची कड हलत राहील, एवढा वारा त्याने ठेवला.