राघोचा नांगर

शाळा मी तिसरीत सोडली. पंतोजीने छडी उगारली, मी ती हिसकून मोडली आणि सरळ घरी आलो. तेवढ्या तीन वर्षांची अक्षरं मात्र डोक्यात राहिली. आमच्या बाळकुम गावात लिहिता येणारा मी एकटाच, म्हणून गुप्ते डाक्तरांनी मला धरलं.

गुप्ते ठाण्याच्या दवाखान्यातले. सकाळी तिथे रोगी बघायचे, दुपारी चालत आमच्याकडे यायचे. त्या उन्हाळ्यात गावात पटकी शिरलेली. पहिल्याच आठवड्यात माझी आई गेली, मग शेजारचा राघो, मग कोळवाड्यातली दोन पोरं. डाक्तर तोंडात औषधाचे थेंब घालायचे, हातपाय चोळायचे, आणि तरी माणूस जायचं.

एक दिवस ते तळ्यावर थांबले. एका काठाला बाया रोग्यांची धडुती धूत होत्या, दुसऱ्या काठाला माझी बहीण बायजा प्यायचा हंडा भरत होती. कडेवर तिचा चंदू, दीड वर्षाचा.

"मी एकाला बघेपर्यंत हे तळं चौघांना आडवं करतं," डाक्तर म्हणाले. "बायजा, पाणी उकळून प्या, सांगितलं होतं ना?"

"सरपण कुठून आणू? खाडीतल्या तिवराचं ओलं लाकूड नुसतं धुमसतं. डोले फुटतात आमचे."

"मग विहीरच हवी. वर कातळापाशी. सरकारकडेच मागायची."

त्यांनी कलेक्टरसाहेबाच्या नावाने अर्ज लिहिला. सोबत मेलेल्यांची यादी: कोण, कितव्या वर्षी, कोणत्या वारी, पाणी कुठलं प्यायचा. आता फक्त घरटी एक निशाणी हवी होती. आमच्यात सही कुणाला येते? सहीच्या जागी आगरी माणूस नांगर काढतो, कोळी वल्हं.

"डाक्तरकी सोडून ही वकिली कशाला?" म्हाताऱ्या आनंदाने विचारलं.

"गोळ्या देऊन तळं बरं होत नाही रे आनंदा," डाक्तर हसले, आणि कागद माझ्या हातात देऊन गेले. "तीन दिवसांत निशाण्या घेऊन ठेव."

तीन दिवसांत एकही निशाणी मिळाली नाही. आनंदा म्हणाला, "माज्या बापाने कागदावर नांगर काढला नि मिठागर गेलं. आता घर घालवू?" दुसऱ्या घरात दार लावून घेतलं. तिसऱ्या दिवशी कोळवाड्यातला भिवाजी सगळ्यांसमोर म्हणाला, "तीन बुकं शिकला नि गाव विकाया निघाला! आयशीला जाऊन म्हयना नाय झाला!"

मी त्याच्या अंगावर धावलो. लोकांनी धरलं म्हणून वाचला.

मग मी उपड्या होडीमागे जाऊन बसलो आणि सगळ्या निशाण्या स्वतःच काढल्या. गावाच्या या टोकापासून घरं आठवत गेलो. आगऱ्यांना नांगर, कोळ्यांना वल्हं. एक सरळ, एक वाकडा, काही तर डाव्या हाताने. म्हटलं, बघू कोण ओळखतो.

डाक्तर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. चार घरचे रोगी बघून आलेले.

"सगळ्यांनी स्वतः काढल्या?"

"हो."

त्यांनी खाली लिहिलं, निशाण्या खऱ्या असल्याची माझी खात्री आहे, आणि त्या दिवशीची, शनिवारची तारीख घालून सही केली.

सोमवारी आम्ही दोघं ठाण्याच्या कचेरीत गेलो. शिरस्तेदाराने अर्ज वाचला, मग यादी वाचली. मग दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"डॉक्टर, हा राघो बिन पोशा तुमच्या यादीत गुरुवारी मेलाय."

"होय."

"आणि अर्जावर परवा शनिवारी नांगर काढतोय. मेल्यावर नांगरतात काय हो तुमच्या गावात?"

कारकून हसले. माझ्या कानशिलात आग पेटली. राघो मेला हे मला ठाऊक नव्हतं का? त्याला खांदा दिलेला मी. पण घर अजून राघोचंच म्हणतात ना! मी घरं मोजत गेलेलो.

"मी काढला तो!" मी ओरडलो. "सगळे मीच काढले! डाक्तरांना काय माहीत नाय!"

हसणं थांबलं.

"सगळे?" शिरस्तेदार म्हणाला.

डाक्तरांनी डोळे मिटले.

पायऱ्या उतरताना मी म्हटलं, "मला मारा."

"मारून काय करू?" ते म्हणाले. "मी विचारलं तेव्हा तुझ्या बोटांना शाई होती. डाव्या हातालासुद्धा. रोग्याची जीभ बघतो, नखं बघतो. तुझी बोटं बघितली नाहीत."

चार दिवसांनी त्यांना हुकूम आला: परवानगीशिवाय दवाखाना सोडायचा नाही आणि कुणाचे अर्ज लिहायचे नाहीत. अर्ज खोटा ठरला, यादीसुद्धा खोटी ठरली. म्हणजे कागदापुरती माझी आईही मेली नव्हती.

पुढच्या आठवड्यात आनंदाच्या नातवाला जुलाब लागले. म्हातारा धापा टाकत माझ्याकडे आला. "दे तो कागद. काढतो नांगर. कुठं काढू, सांग."

"कागद नाय आता, आजा."

"मंग डाक्तरला बोलाव."

"ते नाय येऊ शकत."

तो तसाच घरी फिरला. मग पोराला झोळीत घालून ठाण्याच्या वाटेला लागला. झोळीची दुसरी बाजू मी धरली. अर्ध्या वाटेत झोळी हलायची थांबली, तरी आम्ही दवाखान्यापर्यंत चालत गेलो.

परत आलो तर बायजा तळ्यावरून हंडा घेऊन येत होती, मागे चंदू तिच्या लुगड्याला धरून. मी हंडा ओढून मातीत उपडा केला.

बायजा ओरडली नाही. भिजल्या मातीकडे बघत म्हणाली, "बरं. मंग याला काय पाजू?"

तिने हंडा उचलला, चंदूला कडेवर घेतलं आणि परत तळ्याकडे गेली.