पाच गुणांचं खाजण

"सरजी, एकबार अजून बघून घ्या," पंढरीनाथ म्हणाला. मुलीचा पेपर त्याने दोन्ही हातांनी पुढे धरला होता.

पाटणकर सरांनी चष्माही चढवला नाही. नववीच्या भूगोलात संबोधीला तीन गुण कमी पडले होते, आणि खाजणावरच्या पाच गुणांच्या प्रश्नाला त्यांनी शून्य दिलं होतं. पुस्तकात सरळ होतं : लाटा वाळू आणून किनाऱ्यालगत दांडा घालतात, त्यामागे अडलेलं पाणी म्हणजे खाजण. संबोधीने तेवढं लिहून पुढे मनाचं जोडलं होतं. खाजणात नद्याही येत असतील, पावसाळ्यात पाणी चढलं की दांडा फोडत असतील, लाटा तो पुन्हा बुजवत असतील. आमच्या मिलमागच्या नाल्यातही पाऊस आला की साचलेला गाळ असाच फुटतो. नाल्याचं वाचून सरांचं डोकं फिरलं होतं आणि त्यांनी अख्ख्या उत्तरावर काट मारली होती.

"पुस्तकात आहे तेच लिहायचं असतं," ते म्हणाले.

इंदूरची मिल बंद होऊन चार महिने झाले होते. बावीस वर्षं मागावर उभा राहिलेला पंढरीनाथ आता हातोदच्या मंडीत पोती उचलत होता. पोरगी पास झाली तरच पुढे शिकवायचं, असं घरात ठरलं होतं. तेही त्याने सांगून पाहिलं. सरांनी ऐकून घेतलं आणि पेपर गठ्ठ्यात ठेवला.

जुलैत हजेरीला संबोधीच्या नावावर उत्तर आलं नाही. पंधरा दिवसांनी सरांनी ते नाव खोडलं.

तेरा वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, सर पत्नी रमाताईंबरोबर ओडिशाला सहलीला गेले. जन्मभर समुद्र शिकवला, पाहिला मात्र तेव्हाच. चिलिकाच्या खाजणात नावेत बसल्यावर त्यांनी सहज विचारलं, समुद्राकडचं तोंड नेहमी एवढंच असतं का.

"कहाँ, बाबूजी," नावाडी म्हणाला. "बारिश में नदी ज़ोर मारती है तो खुल जाता है. फिर लहरें रेत भर देती हैं."

सर त्या दिवशी जेवले नाहीत. रमाताईंना वाटलं, बोट लागली.

इंदूरला परतल्यावर विचारत विचारत ते खजरान्याच्या बाजूला एका शिलाई कारखान्यात पोचले. वीसेक मशिनी चालू होत्या. संबोधी उठली, वाकून नमस्कार केला, आपलं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं. पंढरीनाथ दोन वर्षांपूर्वी गेला होता.

सरांनी सगळं सांगितलं. पेपर, हजेरीतलं खोडलेलं नाव, नावाडी. मग म्हणाले, "तुझं उत्तर बरोबर होतं. चूक माझी होती."

ती बराच वेळ हातातली कॉलर सरळ करत राहिली.

"बाबा म्हणाले होते, सरांनी गलत म्हटलंय म्हणजे गलतच असेल," ती म्हणाली. "मग मीपण मानून घेतलं. नंतर कशात आपलं डोकं चालवलंच नाही."

तिने कॉलर मशीनवर ठेवली.

"पाणी कसं असतं सर तिथलं? खारं का मीठं?"

"नदीकडे गोडं. तोंडाशी खारं. मधे…" सर थांबले. "मधलं मी चाखून पाहिलं नाही."

तिने मान हलवली. मालकाने लांबूनच घड्याळाकडे पाहिलं. सर बसलेच होते, आणि संबोधीने उभ्यानेच, एक पाय पायडलवर ठेवून, मशीन चालू केलं.