डोळ्यांनी ऐकायचं कीर्तन

या पावणं, असं खांबाआड काय बसताय? पुढं सरका, सतरंजीवर ऐसपैस बसा. बुवा यायला अवकाश आहे, तोवर तुम्हाला एका बाईची गोष्ट सांगतो. याच मांडवात घडलेली आहे.

तानाबाई आमच्या पेठेतली. कीर्तनाचं वेड मलाही आहे, जन्म टाळ वाजवण्यात गेला; पण तिच्यापुढं माझं वेड म्हणजे दुधापुढं ताक. दोन्ही कान गेले तरी तिची पहिल्या रांगेतली जागा सुटली नाही. बुवांच्या ओठांकडं बघत बसायची. "पर आताचं बुवा मिशीतनं बोलत्यात," म्हणून कुरकुरायची. "शब्द केसातच अडकत्यात."

हे मनालीच्या जिवाला लागलं. मनालीचं बिंदू चौकाजवळ टायपिंगचं दुकान. बोटं अशी पळतात की मृदंगवाल्यानं बघत राहावं. चुलतभावानं गेम खेळून खेळून टाकून दिलेला कॉम्प्युटर तिनं देवळात आणला, त्याला स्टँडवरचा टीव्ही जोडला आणि बुवा बोलतील तसं टाईप करायला बसली. मोठ्या अक्षरांत कीर्तन पडद्यावर उमटायला लागलं. बुवांनी विनोद केला, मांडव हसला. आणि सगळ्यांच्या मागनं, जरा उशिरा, तानाबाई एकटीच खदखदून हसली. त्या दिवशी माझा टाळ चुकला, खोटं कशाला बोलू.

पण यंदाच्या सप्ताहात त्या पडद्याला दुखणं लागलं. कीर्तन भरात आलं की अक्षरांवर हिरवे-गुलाबी पट्टे ओढल्यासारखे यायचे, ओळी मधनंच फाटायच्या, चित्र थिजायचं आणि मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा चालू व्हायचं. तोवर बुवा चार ओव्या पुढं. तानाबाई आपली काळ्या पडद्याकडं बघत बसलेली.

मनालीनं वायर बदलली. पट्टे तेच. शेजारच्या घरातला टीव्ही आणून लावला, त्यावरही तेच. "म्हंजे दुखणं टीव्हीत न्हाय, कॉम्प्युटरच्या पेटीत हाय," ती म्हणाली. चित्राचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं. त्या संध्याकाळी तर भर गजरात कॉम्प्युटर दोनदा बंद पडला.

सयाजीराव म्हणजे देवळाचे अध्यक्ष. ते उसळलेच. "बास झालं हे नाटक! उद्या काल्याला वारणानगरचे पाहुणे येणार. टीव्ही लावायचा न्हाय. आणि म्हातारीला लागतंय कशाला? देव मनात असतोय की."

मनालीनं ते तसंच्या तसं टाईप करून दाखवलं. तानाबाईनं सावकाश वाचलं आणि मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "देव मनात हाय, व्हय. पर कीर्तन मांडवात हाय. मी मांडवातच येणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सतरंज्या घालत होतो तर मनाली स्क्रू-ड्रायव्हर घेऊन हजर. मशीन लावलं, चित्र एकदम स्वच्छ. ती हाताची घडी घालून नुसती बघत बसली. कळ दाबली नाही, काही नाही. तरी थोड्या वेळानं एक गुलाबी रेघ आली, मग दुसरी.

"काका, हे तापलं की बिघडतंय."

बंद करून तिनं पेटीची बाजू उघडली. आत काळंकुट्ट, आणि वास कसला म्हणाल? बुक्क्याचा! चित्र काढणाऱ्या कार्डावरचा छोटा पंखा बुक्क्यानं असा लिंपला होता की बोटानं ढकलला तरी फिरेना.

कीर्तनाआधी सगळ्यांना बुक्का लावायचं काम तानाबाईचं. यंत्रही कीर्तनाला बसतं, मग त्याचं कपाळ कोरं कसं ठेवायचं? ती रोज समोरच्या जाळीवर चांगली चिमूटभर चोळत होती, आणि पेटी तो बुक्का आत ओढून घेत होती.

मनाली हसत सुटली. रंगाच्या ब्रशनं तिनं आतली काजळी झाडली. पंखा काही फिरला नाही, तेव्हा ते कार्डच उपटून बाजूला ठेवलं आणि टीव्हीची वायर पेटीच्या मागच्या दुसऱ्या खाचेत घातली. "हा गेम खेळायचा पैलवान. नुसती अक्षरं दाखवायला पेटीची आपली ताकद पुरती." पुरली. मशीन तासभर चालू ठेवलं, एक रेघ आली नाही.

तानाबाई बुक्क्याचं ताट घेऊन आली तर पडद्यावर अक्षरं: मावशी, ह्याला बुक्का नको, गुदमरतंय.

"आगं बाई, लेकराचं नाकच बुजवलं की मी!" असं म्हणून तिनं त्याच्या वाट्याची चिमूटही माझ्याच कपाळाला फासली.

पण पाहुणे यायच्या वेळेला सयाजीरावांनी टीव्हीचं तोंड भिंतीकडं फिरवलं. "दुरुस्त झाला असंल. फुडच्या वर्षी बघू."

बुवा उभे राहिले, नमन झालं, सगळे खाली बसले. तानाबाई बसली नाही. पहिल्या रांगेत, बुवांच्या समोर, खांबासारखी उभी.

"खाली बसा," सयाजीराव हळूच म्हणाले. मग मोठ्यानं म्हणाले. मग ओरडले.

तिनं त्यांच्याकडं शांतपणे बघितलं. "मला ऐकू येत न्हाय, सयाजीराव. काय म्हणताय ते लिहून दाखवा."

बायकांत खसखस पिकली. मागनं कुणीतरी आवाज टाकला, "लिवा की अध्यक्ष!" बुवांनी चिपळ्या खाली केल्या. "लिहा, लिहा. मी थांबतो."

पाहुणे बघत होते. सयाजीरावांनी स्वतःच्या हातानं टीव्ही फिरवला. "लिही गं मनाली. खाली बसा म्हणावं."

पडद्यावर आलं: अध्यक्ष म्हणतात, खाली बसा. अक्षर न् अक्षर लख्ख.

"बसते की," तानाबाई म्हणाली आणि बसली. सयाजीरावांचा हात पुन्हा टीव्हीकडं गेला. तानाबाई पुन्हा उठायला लागली. हात मागं आला. सगळा मांडव हसला, पाहुणेसुद्धा.

काल्याची हंडी फुटेपर्यंत पडदा एकदाही थिजला नाही. तो तिथंच राहिला, आणि आता त्याच्यापुढं कान गेलेली आणखी तिघं-चौघं बसतात.

तानाबाई हल्ली नेसरीला लेकीकडं असते. तिथल्या देवळातही भांडण काढलंय म्हणे. ते बघा, बुवा आलेच. पहिल्या रांगेत बसणारी माणसं दिसतील तुम्हाला. त्यांच्याकडं बघताना तेवढी तिची आठवण ठेवा.