डीजे लावायचा की नाही

लग्न अमरावतीला साधेपणानं करायचं आणि रिसेप्शन पुण्यात, हडपसरच्या एका लॉनवर, एवढं दोन्ही घरांनी पहिल्याच बैठकीत ठरवून टाकलं होतं. जेवणाचं ठरलं, फुलांचं ठरलं, फोटोवालाही ठरला. अडलं ते गाण्यांपाशी.

कादंबरी आणि शुभंकर एकाच सॉफ्टवेअर कंपनीत होते. तारीख कळल्यापासून त्यांच्या टीममधल्या पोरांनी डीजे कोण, एवढाच प्रश्न लावून धरला होता. कादंबरीलाही नाचायची हौस होती. तिचे वडील यज्ञेश्वर विमा कचेरीतून निवृत्त झालेले. बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये पेपर वाचता वाचता ते म्हणाले, "लावा की. फक्त पत्रिकेवर छापा, ज्यांना बोलायचं असेल त्यांनी आदल्या दिवशी येऊन जावं." म्हणजे त्यांना ते पसंत नव्हतं, पण मोडता घालण्याइतकं नापसंतही नव्हतं, हे तिला अनुभवानं कळत होतं.

शुभंकरनं मात्र सरळ नाही म्हटलं. "आईला चालणार नाही," एवढंच तो म्हणाला.

कारण तिला ठाऊक होतं. शुभंकरचा धाकटा भाऊ दत्तप्रसाद दोन वर्षांपूर्वी गेला होता. कादंबरीनं त्याला फक्त फोटोत पाहिलं होतं. मुलं शाळेत असताना त्यांचे वडील रंगराव कारखान्यातल्या नोकरीसाठी अमरावतीहून हडपसरला आले. तिथंच दत्ता वाढला. त्याला नाचायचं विलक्षण वेड. रस्त्यानं कुणाचीही वरात चालली असली की बाइक बाजूला लावून हा आत शिरायचा. अशाच एका परक्या वरातीत नाचून एका संध्याकाळी तो घरी निघाला आणि सोलापूर रस्त्यावर ट्रकनं त्याला उडवलं. मुलगा असा गेलेल्या आईसमोर डीजे कसा लावायचा?

तरीही कादंबरीच्या मनातून ते जाईना. आईंना विचारलंस का, असं तिनं एकदा शुभंकरला म्हटलं. त्यात विचारायचं काय, असं म्हणून त्यानं विषय बदलला.

बघून तर ठेवू, म्हणून ती डीजे शोधायला लागली. येरवड्याच्या एका डीजेनं ती दुकानात शिरताच धूर सोडणारं यंत्र सुरू करून दाखवलं. दिवे किती, स्पीकर केवढे, हे तो सांगत राहिला, गाण्यांचं विचारलं तर म्हणाला, सध्या जी चालतात तीच वाजतील. दुसरा हडपसरमधला कोंडीराम. वडिलांचा लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचा धंदा होता, यानं ते जुने कर्णे विकून सीडी प्लेअर आणि मिक्सर घेतले होते. त्यानं आधी पाहुण्यांची चौकशी केली. म्हातारी माणसं किती, अमरावतीकडचे किती, ऑफिसचे किती. जेवताना लोकांना एकमेकांशी बोलता आलं पाहिजे, नाचायचं ते नंतर, असं त्याचं म्हणणं. रविवारी एका कार्यक्रमात माझं काम आहे, तिथल्या घरच्यांना विचारून ठेवतो, येऊन बघा, असंही म्हणाला.

कादंबरी भावाला, पुष्करला, घेऊन गेली. कोंडीरामची नजर यंत्रावर कमी आणि माणसांवर जास्त होती. एका आजोबांनी कानावर हात ठेवला तेव्हा त्यानं जवळच्या स्पीकरचं तोंड जरा वळवलं आणि पुन्हा जागेवर येऊन उभा राहिला. नाचणारे दमले की तो संथ गाणं लावायचा, सावरले की पुन्हा चढवायचा. माणूस तिला पसंत पडला. पण ठरवायचं कशाच्या जोरावर? शेवटी ती कुणाला न सांगता शुभंकरच्या आईकडे गेली.

द्वारकाबाई गॅलरीत बसून वाळलेले सांडगे डब्यात भरत होत्या. कादंबरीनं त्यांच्या शेजारी बसून चार सांडगे भरले आणि मग, फार आडवळणं न घेता, विचारलं.



"मले कोणी विचारलंच नाही," द्वारकाबाई म्हणाल्या. "मी खोलीत आली की टीव्हीचा आवाज बारीक करतात. शेजारी बारसं झालं, तर त्यांनी माह्याकडं पाहून खिडक्या लावून घेतल्या."

त्यांनी दत्ताचं सांगितलं. केसांत गुलाल आणि खिशात कुणाच्या तरी लग्नातला पेढा घेऊन तो घरी यायचा. बाप ओरडायचा, भाऊ ओरडायचा, हा हसत पेढ्याचा तुकडा आईच्या तोंडात घालायचा.

"त्या दिवशी तो नाचून निघाला होता, पोरी. माह्या लेकराची शेवटची संध्याकाळ मजेत गेली, तेवढंच माह्यापाशी आहे. वरातीचा आवाज आला की मले तो नाचताना दिसते." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "चालत नाही ते शुभूले. मी तर घरीच होती. दवाखान्यात तो गेला होता. तिथं काय झालं, ते त्यानं आजवर तोंडातून काढलं नाही."

कादंबरीनं घरी जाताना ठरवलं की हे शुभंकरच्या तोंडावर फेकायचं नाही. एकदा कोंडीरामकडे चल, ऐक आणि मग नाही म्हण, एवढाच आग्रह तिनं धरला. तो नाराजीनं आला. कोंडीरामनं चहा मागवला आणि नवा स्पीकर जोडून दाखवला. पहिला ठेका पडला आणि शुभंकर हातातला कप खाली ठेवून दुकानाबाहेर गेला.

तो रस्त्याकडेच्या झाडाखाली उभा होता. कादंबरी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"मी आईंना विचारलं," ती म्हणाली. "त्यांना चालणार आहे."

त्यानं मान हलवली. जणू हे त्यालाही आधीपासून माहीत असावं.

मग तो बोलायला लागला, रस्त्याकडे बघत. दत्ता गेला असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तो दवाखान्यात वरच्या मजल्यावर एका बाकावर बसला होता. तेवढ्यात खालून एक वरात आली. खिडक्यांच्या काचा थरथरायला लागल्या. गळ्यातल्या ऑफिसच्या ओळखपत्रासकट तो जिना उतरून खाली गेला आणि टेम्पोवरच्या डीजेसमोर उभा राहिला. बोलता येईना. त्यानं नुसतं वर खिडकीकडे बोट दाखवलं. डीजेला कळलं. त्यानं गाणं तिथल्या तिथं तोडलं. नाचणारी पोरं हात वर असतानाच थांबली. बायकांनी डोक्यावरून पदर घेतले. नवरदेव घोड्यावरून उतरला. आणि ती सगळी वरात मान खाली घालून त्याच्यासमोरून चालत गेली. घोड्याच्या टापांशिवाय कसलाही आवाज नव्हता.

"त्या मुलाचं लग्न होतं," शुभंकर म्हणाला. "माझ्यामुळे त्याची वरात प्रेतयात्रेसारखी गेली. आता कुठंही गाणं सुरू झालं की मी ते बंद पडायची वाट बघत बसतो. आईचं नाव घेणं सोपं होतं."

"मग नकोच लावू या," कादंबरी म्हणाली. तिला खरोखरच तसं वाटलं. नाचण्यावाचून तिचं काही अडणार नव्हतं.

शुभंकर आपणहून दुकानात शिरला आणि कोंडीरामला म्हणाला, "बंद करताना एकदम बंद करू नका. हळूहळू उतरवत आणा." कोंडीरामनं कारण विचारलं नाही. जमेल, म्हणाला.

त्याच आठवड्यात शुभंकरनं घरी सगळं सांगितलं. रंगराव उठून गॅलरीत गेले. द्वारकाबाईंनी मात्र पुन्हा पुन्हा विचारून घेतलं: घोडा कसला होता, नवरदेव खरंच उतरला का, पोरं किती होती. मग त्या मोठ्यानं रडल्या, मुलाच्या देखत, पहिल्यांदाच. डोळे पुसून म्हणाल्या, "चांगले होते गड्या ते लोक. माह्या दत्तासाठी थांबले." दोन वर्षं आपण ज्याचं ओझं वाहत होतो, त्याच्याकडे असंही बघता येतं, हे शुभंकरच्या मनात कधी आलं नव्हतं. तो आईजवळ बसून राहिला.

रिसेप्शनला जेवणं होईपर्यंत संतूर वाजत होतं. यज्ञेश्वर आणि रंगराव शेजारी शेजारी बसून दोन्हीकडच्या भाज्यांच्या चवीवर वाद घालत होते आणि एकमेकांचं नीट ऐकू येत असल्यामुळे वाद रंगला होता. मग कोंडीरामनं ठेका चढवला. ऑफिसची पोरं मैदानात उतरली आणि कादंबरी शुभंकरचा हात धरून त्यांच्यात गेली.

तो नाचत नव्हता, नुसता उभा होता. एक गाणं उतरून दुसरं सुरू होताना त्याची बोटं तिच्या हातावर आवळली जायची. दुसऱ्या गाण्यालाही तसंच, तिसऱ्यालाही. नंतर केव्हा तरी ती तेवढी आवळेनाशी झाली. मग त्यानं हात सोडवून घेतला. आता हा बाहेर जाणार, असं तिला वाटलं.

तो पुढच्या रांगेत बसलेल्या आईकडे गेला, वाकून काही बोलला. गाण्यात ते कादंबरीला ऐकू आलं नाही. द्वारकाबाईंनी आधी हात झटकून नकार दिला. मग पायातल्या चपला खुर्चीखाली सरकवल्या, लुगड्याचा पदर कमरेला खोचला आणि त्याच्या हाताला धरून उठल्या.