सरिताच्या फोटोला हार

पेठच्या घाटात बिबट्यानं माझ्याकडं तंबाखू मागितली होती, ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली की आता मलाच खरी वाटती. पण हे जे झालं, ते कुणाला सांगितलं नाय. लाज वाटती.

नात सृष्टी, आठ वर्षांची. तिला ॲक्टिंग मीच शिकवली. "रड" म्हटलं की आसवं, "थांब" म्हटलं की बंद. थाप मारताना पापणी हलली की एक लाडू कमी.

मग पिच्चरवाले आले. आई नसलेल्या पोरीचं काम होतं. डायरेक्टर म्हणाले, "जिनं खरंच सोसलंय, अशीच पोर पाहिजे."

माझी जीभ सुटली. "साहेब, ही जन्मली अन् आई गेली. मी शेळीच्या दुधावर वाढवली."

"उद्या दोनला घरी येतो," ते म्हणाले.

सृष्टीची आई, माझी सून सरिता, सातपूरला कंपनीत, चारला घरी येती. मी कपाटातला तिचा फोटो भिंतीवर टांगला, झेंडूचा हार घातला, उदबत्ती लावली. जित्या बाईला हार! हार जरा वाकडा बसला. पण थोडाच.

साहेब दोनला येणार होते, आले चारला. चहा उकळत होता अन् दारात सरिता, डब्याची पिशवी घेऊन. फोटोकडं बघतच राहिली. साहेबांनी एकदा फोटो पाहिला, एकदा तिला.

"या कोण?"

"जुळी बहीण!" मी म्हटलं.

साहेब सृष्टीकडं वळले. पोरीची पापणी हलली नाय. "मावशी हाय माझी."

सरितानं चपला काढल्या, आत जाऊन चहा गाळला, साहेबांना दिला. ते गेल्यावर हार काढून माझ्या हातात ठेवला.

"आत्या, लग्नात एवढा ताजा हार नव्हता आणला तुम्ही माझ्यासाठी."

काम मिळालं. खरं सांगितलं तर पोरीचं काम जाईल, म्हणून सरिता अकरा दिवस रजा टाकून शूटिंगला मावशी बनून बसली. सृष्टी उन्हात चक्कर येऊन पडली, तेव्हापण "मावशी"च म्हणाली.

शेवटच्या दिवशी मला राहवलं नाय. साहेबांना बाजूला घेऊन सगळं ओकले. ते हसायला लागले.

"आजी, मी त्याच दिवशी ओळखलं. सख्ख्या आईपुढं पोरीची पापणी हलली नाही, म्हणून तर घेतली तिला!"

माझे लाडू कामी आले म्हणायचे.

रिक्षानं घरी आलो. सरिता पुढं होऊन कुलूप काढत होती. सृष्टीनं माझा पदर ओढला.

"आजी, आता आई म्हणू का?"

मला विचारलं. तिला नाय.

सरिताची किल्ली कुलपातच थांबली. ती वळली नाय, नुसती उभी राहिली, मी काय म्हणते ते ऐकत.

"म्हण गं," एवढंच बोलायचं होतं. बिबट्याशी गप्पा मारणारी माझी जीभ टाळ्याला चिकटून बसली.