जमनाबेनची खोली

छप्पन सालच्या जानेवारीतला गोळीबार थांबून महिना होत आला, तरी लालबागेत कोणी निवांत नव्हतं. मुंबई कोणाची, यावर गिरणीच्या दारात रोज भांडणं होत. लवूच्या डोक्यात मात्र दुसराच भुंगा होता.

तो परळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, होता. लग्नाला चार वर्षं झाली, तरी तो आणि त्याची बायको सुभद्रा करी रोडला थोरल्या भावाच्या एका खोलीतच राहत होते. भाऊ, वहिनी, त्यांची पोरं आणि हे दोघं. सुभद्राला साधा चहा ठेवायचा तरी वहिनीच्या तोंडाकडे बघावं लागे.

अशात लालबागची जमनाबेन खोली सोडतेय असं कळलं. म्हातारी विधवा, तीस वर्षं एकाच चाळीत काढलेली. दंगलीत तिच्या मुलाच्या, रमणीकच्या, दुकानावर दगड पडले आणि त्यानं सुरतेला जायचं ठरवलं. पागडी मागितली ती लवूच्या आवाक्याबाहेरची. सुभद्राच्या पाटल्या, पतपेढीचं कर्ज, गावच्या आंब्याच्या कलमांतला हिस्सा, सगळं घातलं तर जेमतेम जमणार होतं. उद्या संप झाला तर खायचं काय?

लवूला चैन पडेना. तो चालत शिवाजी पार्कपर्यंत जाई आणि तसाच परत येई. साच्यावर धागा तुटलेला त्याला दिसत नसे.

त्याच्याच खात्यातला दगडू म्हणाला, "अरे, घाबरून पळतायत ते. दाब जरा. निम्म्यात देतील."

लवूनं दाबलं. रमणीकनं थोडी हुज्जत घातली, मग मान खाली घालून "बरं" म्हणाला. निम्म्यात नाही, पण बरंच उतरलं. लवू जवळजवळ धावत घरी आला. सुभद्राला बाहेर जिन्यावर बोलावून त्यानं आकडा सांगितला.

ती हसली नाही. "कसा काय उतरला?"

"घाईत आहेत ना. आपलं नशीब."

"नशीब कसलं? घाबरलेल्या माणसांना अजून दाबलंत तुम्ही."

"मी दगड मारले काय गो?"

"नाही मारलेत. पण ज्यांनी मारले त्यांचा फायदा आपण घेतोय. त्या पैशाला माझ्या पाटल्या मिळायच्या नाहीत. मागितलेलं पुरतं द्यायचं, नाहीतर खोली नको."

"खोली तुलाच हवी होती!"

"अजून हवी आहे. रोज हवी आहे," सुभद्रा म्हणाली आणि आत गेली.

लवू चिडून दादरपर्यंत भटकला. बायकोला व्यवहार कळत नाही, असं त्यानं स्वतःला दहादा बजावलं. पण रमणीकची खाली गेलेली मान काही डोळ्यांपुढून हलेना.  तिसऱ्या दिवशी त्यानं गावचा हिस्सा विकायचा म्हणून चुलत्याला पत्र टाकलं.

पुरते पैसे हातात पडले तेव्हा रमणीकनं आधी संशयानंच पाहिलं. "हे का?"

"पहिलं मागितलं होतं ते," लवू म्हणाला. 

जमनाबेन मात्र सुभद्राचा हात धरून मोरीपाशी गेली. "हा नळ सकाळी जोर लावून फिरव, नाहीतर पाणी येत नाही." एवढं सांगताना तिला रडू फुटलं. सुभद्राही रडली. सामानाची हातगाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत लवू आणि सुभद्रा गॅलरीत उभी होती.

कर्ज फेडायचं म्हणून पंधरा दिवसांतच सुभद्रानं खाणावळ सुरू केली. गावाकडचे चौघे जेवायलाच नाही, राहायलाही आले. लवूची वळकटी गॅलरीत गेली.

"ह्याच्यासाठी घर घेतलं?" तो म्हणाला.

"हळू बोला, पंगत बसलीय," सुभद्रा म्हणाली. मग तिनं चुलीपाशी बसूनच त्या चौघांना ठणकावलं, की या घरात ताट ज्यानं त्यानं उचलायचं.

दुसऱ्या दिवशी गिरणीत पुन्हा संपाची बोलणी सुरू झाली. लवू दारातल्या घोळक्यात उभा राहून ऐकत होता, आणि संपासाठी हात वर करायची वेळ आली तेव्हा त्यानं तो वर केला.